बाहेरच्या संस्था आणि विद्यार्थ्यांची चौकशी

मनोर हे अनेक वाटांच्या तोंडावरचे गाव आहे. महामार्गाने एकीकडे मुंबई व दुसरीकडे गुजरात. पश्चिमेला पालघर आणि त्यापलीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. पूर्वेला वाडा-विक्रमगडकडे जाणारे डोंगराळ रस्ते. अशा गावाला बाहेरच्या माणसाचे नवल नसते. सावकार बाहेरून आला, जंगलाचा ठेकेदार बाहेरून आला, वीटभट्टीसाठी मजूर नेणारा मुकादम बाहेरूनच आला, आणि या सर्वांविरुद्ध लढा म्हणून सांगणारा कार्यकर्ताही पुष्कळदा बाहेरूनच आला. आज त्याच परिसरातील पाड्यांवरची मुले-मुली एस.टी.ने मनोरला, पालघरला, बोईसरला शिकायला जातात, तेव्हा बाहेरचा माणूस त्यांना महाविद्यालयाच्या दारातच भेटतो.

त्याची रूपे नाना आहेत. कारखान्याच्या सामाजिक निधीतून संगणक देऊ करणारी संस्था, स्पर्धा परीक्षेचे मोफत मार्गदर्शन करणारी अकादमी, ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलांची यादी मागणारी मनुष्यबळ कंपनी, मूल्यशिक्षणाच्या नावाने प्रवचने करणारे मंडळ, पर्यावरणाचा अभ्यासगट, आणि युवक संघटनेच्या नावाआड उभा असलेला एखादा राजकीय पक्ष. सर्वांचे मागणे वरवर एकच असते : सभागृह द्या, दोन तास द्या, शंभर मुले बसवा. यांना होकार वा नकार देण्याआधी चौकशी कोणी करायची आणि कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी कोणाच्या मनातही येत नाही. प्राचार्यांची ओळख असली की दार उघडते, आणि पोलिस ठाण्यातून एक दूरध्वनी आला की ते बंद होते. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आहे असे सांगितले जाते, त्या विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे खुर्च्या मांडण्याचे आणि आभारप्रदर्शनाचे काम उरते.

ही स्थिती आपोआप आलेली नाही. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर गुणवत्तेच्या क्रमाने नेमलेले प्रतिनिधी आले. परीक्षेत पहिला आलेला मुलगा आपोआप वर्गाचा प्रवक्ता ठरला. निवडणुकांतील हिंसेचा अनुभव खरा होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यावरचा उपाय म्हणून विद्यार्थ्यांकडून प्रश्न विचारण्याची सवयच काढून घेतली गेली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिली. जे मंडळ कोणी निवडलेले नाही, ते दारात आलेल्या बलदंड संस्थेला ‘तुम्ही कोण?’ असे कोणत्या बळावर विचारणार?

तरीही विचारता येते, आणि त्यासाठी पाहायचे उदाहरण परदेशातले नाही. ते याच मुलुखातले आहे. १९७० च्या ऑगस्टमध्ये समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांनी देशभर जमिनी ताब्यात घेण्याचे आंदोलन केले. पालघरच्या जंगलपट्टीतील जे आदिवासी तरुण त्यात तुरुंगात गेले, त्यांत काळूराम धोदडे होते. पक्षांच्या दृष्टीने ते आंदोलन प्रतीकात्मक होते. अटक झाली, बातमी छापून आली, काम झाले. आदिवासींच्या लेखी जमीन ही प्रतीक नव्हती. त्या अनुभवातून भूमी सेना उभी राहिली आणि तिने हडपलेल्या जमिनींचा आणि वेठबिगारीचा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला. पुढे शेतीविकासाच्या आणि कर्जाच्या योजना घेऊन बाहेरची सुशिक्षित, सद्‌हेतू मंडळी आली. योजना त्यांच्या, हिशोब त्यांचा, निर्णयही हळूहळू त्यांचेच. आणि चळवळ थंडावली. यातून सावरताना भूमी सेनेने बाहेरच्यांविषयी जी भूमिका घेतली ती आजही मुळातून समजून घ्यावी अशी आहे. बाहेरच्याची मदत हवी, पण ती आपली परिस्थिती आपल्याला अधिक नीट समजावी यासाठी. काय करायचे ते सांगण्यासाठी नव्हे. तयार उत्तरे घेऊन येणारा माणूस निरुपयोगाहूनही वाईट, असा तिचा आशय होता. १९७९ साली स्वीडनमधील डाग हॅमरशोल्ड प्रतिष्ठानच्या नियतकालिकात श्रीलंका, भारत आणि बांगलादेशातील चार अभ्यासकांनी या चळवळीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जगभरच्या विकासतज्ज्ञांनी ही कसोटी आपापल्या टिपणवहीत उतरवून घेतली. मनोर-पालघरच्या महाविद्यालयांत ती कितीजणांना ठाऊक असेल, ही शंकाच आहे.

या कसोटीचे वैशिष्ट्य असे की ती बाहेरच्याचा झेंडा पाहत नाही. शत्रू कोण आणि मित्र कोण हे ती आधीच ठरवून टाकत नाही. निर्णय कोणाच्या हातात राहतो एवढेच ती विचारते. समाजवाद्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण भूमी सेनेला ज्या ‘बाहेरच्यां’चा पहिला अनुभव आला त्यांत समाजवादीही होते.

पैशाच्या उगमाबाबत तर समाजवाद्यांना आणखी एक कटू धडा मिळालेला आहे. १९५१ साली मुंबईत परिषद भरवून सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठी एका आंतरराष्ट्रीय संघटनेची भारतीय शाखा उभी राहिली. विचारस्वातंत्र्यावर निष्ठा असलेली, हुकूमशाहीचा मनापासून तिटकारा असलेली माणसे तीत होती. जयप्रकाशांसारख्यांनी त्या संघटनेचे मानाचे अध्यक्षपद स्वीकारले होते. १९६६-६७ मध्ये उघड झाले की या आंतरराष्ट्रीय संघटनेमागे अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा होता. त्याच १९६७ साली अमेरिकेतील ‘रॅम्पार्ट्‌स’ मासिकाने तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेलाही हेच खाते वर्षानुवर्षे पोसत असल्याचे बाहेर काढले. सामान्य सभासदांना याचा पत्ता नव्हता. मोजक्या पदाधिकाऱ्यांना गुप्ततेची शपथ घालून विश्वासात घेतले जाई. जयप्रकाशांच्या सचोटीविषयी शत्रूलाही शंका नव्हती. मुद्दा नेमका हाच आहे. सचोटीची माणसे व्यासपीठावर आहेत, एवढ्यावरून पडद्यामागचा पैसा स्वच्छ ठरत नाही. म्हणून ‘अमुक गुरुजी त्या संस्थेत आहेत, म्हणजे संस्था चांगलीच असणार’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका दाखला कुचकामी आहे.

मग ही चौकशी सरकारनेच का करू नये? त्याचाही अनुभव देशाने घेतला आहे. परकीय देणग्यांवरील पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने नेमलेल्या कुदाल आयोगाने गांधी शांती प्रतिष्ठान आणि इतर गांधीवादी संस्थांच्या मागे वर्षानुवर्षे चौकशीचा ससेमिरा लावला. या संस्थांचा खरा अपराध जयप्रकाशांच्या चळवळीशी असलेले नाते हा होता, असे तेव्हा अनेकांनी म्हटले आणि ते खोटे नव्हते. सत्तेच्या हाती दिलेली चाळणी सत्तेला नको असलेलेच धान्य बाहेर टाकते. महाविद्यालयाचे व्यवस्थापन हीही एक लहानशी सत्ताच असते; बंदरविरोधी मच्छीमाराला व्याख्यानाला बोलावण्यापूर्वी ‘परवानगी’ची आठवण होते आणि बंदराच्या समर्थनाचे सादरीकरण मात्र ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून पार पडते. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांचा विरोध कायम असतानाच कौशल्य-प्रशिक्षणाची भाषा जिल्ह्यात सुरू झाली. प्रशिक्षण वाईट नाही. परंतु प्रशिक्षणाच्या हजेरीपटाचा उपयोग स्थानिक तरुणांच्या संमतीचा पुरावा म्हणून होणार नाही, हे आधी लिहून घेतले पाहिजे. आणि ते लिहून घेण्याचे काम विद्यार्थ्यांशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

‘फुकट’ या शब्दाचे अर्थशास्त्र येथे थोडे पाहणे भाग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात, आणि कारखान्याच्या परिसराला अग्रक्रम द्यावा अशी अपेक्षा असते. तारापूरच्या आसपासच्या महाविद्यालयांच्या दारात इतक्या संस्था का दिसतात, याचे एक उत्तर येथे आहे. कंपनीला खर्चाचा अहवाल द्यायचा असतो, मधल्या संस्थेला पुढच्या वर्षीचा निधी हवा असतो, आणि दोघांनाही ‘लाभार्थी’ लागतात. मुलांची हजेरी, त्यांच्या सह्या आणि फलकाखाली उभे राहून काढलेली छायाचित्रे हा त्या व्यवहारातला माल आहे. दोनशे मुलांनी अर्धा दिवस बसायचे, मधल्या संस्थेने त्याचा अहवाल विकायचा आणि मुलांनी वर आभार मानायचे, असा हा उफराटा बाजार आहे. यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नव्हे; कित्येक ठिकाणी खरोखर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. पण आपण देणारेही आहोत हे ज्याला कळले त्यालाच अटी घालता येतात.

शिवाय देणाऱ्याचा हितसंबंध पाहावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि २०२२ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक उद्योगांवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकली. त्या आदेशाविरुद्ध पुढे दादही मागितली गेली. या पार्श्वभूमीवर तारापूरच्या एखाद्या उद्योगाने महाविद्यालयात वृक्षारोपणाचा सप्ताह साजरा करू म्हटले तर विज्ञान मंडळाने त्याला हाकलून द्यावे असे नाही. ‘सप्ताह करू, पण खाडीच्या पाण्याचे नमुने आम्ही तपासू आणि निष्कर्ष आमच्याच भित्तिपत्रकात लावू, चालेल का?’ एवढे विचारावे. उत्तरावरून पुष्कळ कळते.

आता कागदपत्रांविषयी. कागदाने सर्व काही सिद्ध होत नाही, परंतु पुष्कळ काही लगेच असिद्ध होते. महाराष्ट्रात धर्मादाय संस्थेची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हिशोब केव्हा तपासला गेला, हे तेथे पाहता येते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. छापील पत्रावरचे अध्यक्ष एक आणि नोंदवहीतले दुसरेच, असे दिसले तर संस्थेत वाद आहे किंवा आळस आहे. दोन्ही जाणून घेण्याजोगे. कंपन्यांचा सामाजिक निधी राबवणाऱ्या मधल्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी लागते, तिचा क्रमांक मागावा. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व सामाजिक खर्च म्हणून धरता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा साबणाचा किंवा मोबाइलचा फलक लावून ‘समाजकार्य’ सांगणाऱ्याला ते वाचून दाखवावे. परकीय देणगी घेणाऱ्या संस्थेला २०१० च्या कायद्याखाली गृहमंत्रालयाची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी तिला दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येत नाही. ‘आमच्याकडचा परदेशी निधी तुमच्या मंडळाला देतो’ असे कोणी म्हणाले की संभाषण तेथेच संपवावे.

कामाला मुले नेणाऱ्यांच्या बाबतीत अधिक सावधपणा हवा, कारण येथे नुकसान थेट पोटाचे आणि हातापायांचे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी समजला जातो, कामगार नव्हे. कामगार कायद्यांतील बहुतेक तरतुदी त्याला लागू होत नाहीत. म्हणूनच नियमित कामगाराच्या जागी ‘शिकाऊ’ मुलगा उभा करणे मालकाला स्वस्त पडते. विद्यार्थी मंडळाने विचारावे : करारनामा नोंदलेला आहे काय? विद्यावेतन किती, कोणाच्या खात्यात? मुलगा कोणत्या यंत्रावर उभा राहणार आणि त्याला शिकवणारा कोण? रात्रपाळीनंतर मनोरच्या पुढच्या पाड्यावर तो पोहोचणार कसा? तारापूरच्या रासायनिक कारखान्यांतील स्फोटांच्या आणि आगींच्या बातम्या या भागात कोणाला नव्या नाहीत. अपघात झाल्यास जबाबदारी कारखान्याची की पुरवठादाराची, हे ज्या कागदावर लिहिलेले नाही त्यावर एकाही मुलाची सही जाऊ नये.

हीच गोष्ट माहितीची. आधार कार्डाची प्रत, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, जातीचा दाखला, आईवडिलांचा दूरध्वनी क्रमांक, हे सर्व ‘नोंदणीसाठी’ म्हणून गोळा होते आणि कोठे जाते ते कळत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये हे तत्त्व २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने मान्य केले आहे; कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले याच वयाची असतात. मुलींच्या संदर्भात आणखी एक प्रश्न संकोच सोडून विचारलाच पाहिजे : संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे काय, आणि शिबिरात मुक्कामाला कोण कोण असणार? ज्या संस्था या प्रश्नाने दुखावतात त्यांना दुखावू द्यावे.

एवढे सारे तपासूनही खरी चौकशी राहतेच, कारण लबाड संस्थेचे कागद पुष्कळदा प्रामाणिक संस्थेच्या कागदांहून नीटनेटके असतात. १९४५ साली गोदावरी परुळेकर तलासरीच्या वारल्यांमध्ये गेल्या तेव्हा कोणत्याही नोंदणी क्रमांकाने त्यांची पारख झाली नाही. वेठबिगार उठली की नाही, यावरून झाली. तेव्हा तीन-चार विद्यार्थ्यांनी, त्यांत एक तरी मुलगी आणि एक तरी पाड्यावरून येणारा मुलगा असावा, त्या संस्थेने जेथे आधी काम केले तेथे स्वतः जाऊन यावे. संस्थेने सुचवलेल्या माणसाला भेटावेच, पण न सुचवलेल्या दोघांना अवश्य भेटावे. काम संपल्यावर काय उरले, पैसा संपल्यावर ती मंडळी पुन्हा फिरकली का, कोणी मध्येच सोडून गेले असेल तर का, एवढे ऐकले तरी पुरे. येताना चहाच्या टपरीवर जे कळते ते बहुधा वार्षिक अहवालात नसते.

मात्र चौकशी आणि संशय यांत गल्लत होता कामा नये. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचे प्राण घेतले. परक्याविषयीचे भय कोणत्या थराला जाते याचा तो घाव अजून ताजा आहे. विद्यार्थी मंडळाची चौकशी ही याच्या नेमकी उलट गोष्ट असली पाहिजे : ती उजेडात, लेखी आणि ज्याच्याविषयी आहे त्याच्या समोर व्हावी. अर्ज आला की आठवडाभर सूचना फलकावर लागावा. संस्थेच्या प्रतिनिधीला खुल्या सभेत बोलावून प्रश्न विचारावेत. आक्षेप घेणाऱ्याने आपला आक्षेप त्याच सभेत मांडावा. आणि निर्णय कारणांसह नोंदवावा. मनोर परिसरातल्या कित्येक मुलांची गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनी तेथे ग्रामसभेला जे स्थान दिले आहे ते त्यांनी घरी पाहिलेले आहे, निदान ऐकलेले आहे. सरपंचाच्या एकट्याच्या सहीने ग्रामसभेचा ठराव होत नाही हे ज्याला कळते, त्याला मंडळाच्या सचिवाच्या एकट्याच्या होकाराने सभागृह का देऊ नये हे समजावून सांगावे लागणार नाही. होकारही पहिल्या खेपेला एका सत्रापुरताच असावा. वर्षाअखेर त्याच मुलांनी बसून ठरवावे की पाहुण्याला पुन्हा बोलवायचे की नाही.

यात प्राध्यापकांनी सल्ला द्यावा, जुन्या संस्थांचा अनुभव सांगावा, कागद कसा वाचायचा ते शिकवावे. नकाराधिकार मात्र त्यांच्याकडे नको. मुले चुकतील, एखाद्या गोडबोल्याला दार उघडतील, एखाद्या सरळ पण रांगड्या कार्यकर्त्याला परत पाठवतील. अशा चुकांची किंमत एका सत्राची असते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यातून काही गैरसोय होणार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आतापर्यंत ओळखीच्या प्राध्यापकाला गाठून ‘अभ्यासवर्ग’ या तटस्थ नावाखाली शिबिर घेणे सोपे होते. यापुढे अर्जावर संघटनेचे पक्षाशी असलेले नाते स्पष्ट लिहावे, खर्च कोण करणार ते लिहावे, आणि शिबिरातील मुलांची नावे सभासद नोंदणीसाठी वापरणार नाही असे लिहून द्यावे. विद्यार्थी निवडणुका राजकीय पक्षांपासून दूर ठेवाव्यात अशी लिंगडोह समितीची शिफारस होती आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्या भूमिकेशी समाजवाद्यांचे मतभेद असू शकतात. राजकारणाविना लोकशिक्षण होत नाही असे म्हणण्याला आधार आहे. पण ते म्हणायचे असेल तर उघड म्हणावे, मागच्या दाराने आत शिरू नये.

सर्वांत अवघड जागा वसतिगृहांची आहे. महाविद्यालयात निदान नावाचे तरी मंडळ असते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत बहुधा तेही नाही, आणि बाहेरच्या संस्थांना सर्वांत सहज गाठता येणारी मुले नेमकी तेथेच राहतात. ही मुले मुकी आहेत असे समजण्याचे कारण नाही. जेवणाच्या सोयीऐवजी खात्यात पैसे जमा करण्याच्या शासकीय निर्णयाविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला होता. त्या मोर्चाची आखणी ज्यांनी केली त्यांना एका अर्जावर पाच प्रश्न विचारणारी समिती नेमता येणार नाही काय? येत्या जूनमध्ये वसतिगृहे पुन्हा भरतील तेव्हा पालघर, मनोर आणि बोईसरच्या कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्रमांचे अर्ज प्रथम तेथे न्यावेत, गृहपालांच्या टेबलावर नव्हे, तर मुलांच्या सभेपुढे ठेवावेत, आणि मुलांनी नको म्हटले तर कागद घेऊन परत यावे.